विचारा ताईंना : दोन क्रेडिटचा फिटनेस, सेव-उसळची लाइन आणि पावागडच्या पायऱ्या

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की कॉलेजातल्या फिटनेस, हेल्थ आणि ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या कोर्सबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, वाटलं चार-पाच पत्रं येतील. आली ती बघून आमच्या ह्यांनी विचारलं, लग्नाच्या पत्रिका आल्यात का एवढ्या! बडोद्यातली मराठी माणसं प्रश्न विचारायला लागली की थांबत नाहीत हे मला ठाऊक असायला हवं होतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही निवडलेत. एक आधीच सांगते, मी बावीस वर्षं बीबीए-एमबीएच्या पोरांना ऑपरेशन्स, म्हणजे काम आणि माल कुठेही न अडता कसा चालवायचा ते, शिकवलंय, ते माझं घरचं अंगण. फिटनेसचं मात्र निम्मं भावाकडनं शिकले, तो लहानपणापासून आखाड्यातला, आणि निम्मं स्वतःचा गुडघा बोलायला लागल्यावर.

प्रश्न : ताई, मी बीबीए फर्स्ट इयरला आहे. ह्या सेमिस्टरला हेल्थ आणि फिटनेसचा दोन क्रेडिटचा व्हॅल्यू ॲडेड कोर्स घ्यावा लागला. सगळे सांगतात फुकटचे मार्क आहेत, बंक मार. खरंच काही असतं का त्यात? (विद्यार्थिनी, मांजलपूर)

बंक मारायचा की नाही ते तू तुझी हजेरी बघून ठरव, मी त्यात पडत नाही. पण हा कोर्स तुमच्या कॉलेजनं हौस म्हणून काढलेला नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा दिला त्यात व्हॅल्यू ॲडेड कोर्समध्ये हेल्थ, वेलनेस, योग, स्पोर्ट्स, फिटनेस हे सगळं लिहिलेलंच आहे. आता खरी गोम कुठे आहे बघ, एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, आणि तेच प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. म्हणजे तुझे दोन क्रेडिट हे एक तर ३० तास फळ्याकडे बघत बसणं आहे किंवा ६० तास घाम गाळणं आहे, आणि दोन्हीची मार्कशीट सारखीच दिसते. तुमच्या कॉलेजनं काय घेतलंय ते टाइमटेबल बघून कळेल, कोर्सच्या नावावरून कळणार नाही. मी एका कॉलेजात होते तिथे ह्या कोर्सची परीक्षा 'शारीरिक सुदृढतेचे पाच घटक लिहा' अशी व्हायची आणि जिमची किल्ली शिपायाकडे असायची, शिपाई कुठे असायचा ते कोणाला माहीत नसायचं. पोरं घटक पाठ करून नव्वद टक्के घ्यायची आणि लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत धापा टाकायची.

तुला जर खरंच काही पदरात पाडून घ्यायचं असेल तर एक टेस्ट घरी कर, ती बऱ्याच सिलॅबसमध्ये असतेच, क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट. १९७२ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमध्ये बसवली, तिथल्या जिमखान्यातले बसायचे बाक सव्वासोळा इंच उंच होते म्हणून पायरीची उंची सव्वासोळा इंच, दुसरं काही शास्त्र नाही त्यात! आपल्याकडच्या जिन्याच्या दोन पायऱ्या मिळून साधारण तेवढंच होतं, पण टेप लावून बघ, जुन्या वाड्यातला जिना असेल तर एकच पायरी पुरेल असंही होईल. तीन मिनिटं चढ-उतार करायची, बायकांनी मिनिटाला २२ वेळा, पुरुषांनी २४ वेळा. चढ-चढ-उतर-उतर असे चार ठेके म्हणजे एक वेळ, तेव्हा मोबाईलवर मेट्रोनोम लाव, तुझ्यासाठी ८८ वर, दादाला करायची असेल तर ९६ वर. तीन मिनिटं झाली की उभं राहायचं, पाच सेकंद सोडायचे आणि पुढचे १५ सेकंद नाडीचे ठोके मोजायचे, त्याला चारानं गुणायचं. मग मुलींसाठी ६५.८१ वजा ०.१८४७ गुणिले ठोके, मुलांसाठी १११.३३ वजा ०.४२ गुणिले ठोके. जो आकडा येईल तो तुझा व्हीओटू मॅक्स, म्हणजे जीव तोडून पळताना तुझं शरीर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकेल त्याचा अंदाज.

समज १५ सेकंदात ४१ ठोके आले, म्हणजे मिनिटाला १६४, तर उत्तर साधारण ३५.५. हा आकडा चांगला की वाईट ते गूगल करत बसू नकोस, वहीत तारीख घालून लिही आणि आठ आठवडे रोज अर्धा तास झपाझप चालून परत कर. माझ्या भाच्यानं केली होती, पहिल्यांदा ४२ ठोके, दिवाळीनंतर ३७, म्हणजे ४०.८ वरून ४९.२ वर गेला, त्या पोराला आयुष्यात कुठल्या मार्कशीटचा एवढा आनंद झाला नव्हता. एक मात्र, दम्याचा त्रास असेल, हृदयाचं काही असेल, ताप येऊन गेला असेल तर ही टेस्ट करायची नाही, आधी डॉक्टर.

प्रश्न : नवरात्रीतला गरबा व्यायाम म्हणून धरायचा का? कॉलेजच्या फिटनेस डायरीत लिहिला तर सर हसले. (विद्यार्थी, वाघोडिया रोड)

सरांना एकदा रात्री अकरा वाजता मैदानात उभं करा. धरायचा म्हणजे काय, धरायचाच! मोजायची सोपी रीत आहे, नाचताना बोलता येतंय पण गाता येत नाही तर मध्यम व्यायाम, चार शब्द बोलून थांबावं लागतंय तर जोराचा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. तू रोज दोन तास खेळलास तर नऊ रात्रीत कोटा पुरा होऊन वर उरतो. फक्त डायरीत एक कॉलम अजून घाल, दसऱ्यानंतरचा, आणि तो रिकामा राहिला तर मग सर हसले ते बरोबरच होतं. आणि वर्षभर खुर्चीत बसून एकदम पहिल्या रात्री अनवाणी दोन तास फिरायचं नाही, महिनाभर आधी क्लासला जातात ना मुली स्टेप शिकायला, त्याला आमच्या भाषेत कंडिशनिंग म्हणतात, त्यांना माहीत नसतं एवढंच.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी बारावी झाली, खो-खो खेळते, तिला कॉमर्स नकोय, फिजिकल एज्युकेशन करायचं म्हणते. घरात सासरे म्हणतात पीटी टीचर होऊन काय करणार. मला काहीच कळत नाही, बीपीएड, बीपीईएस, काय काय नावं आहेत. प्लीज समजावून सांगा. (एक आई, कारेलीबाग)

ताई, आधी नावांचा गुंता सोडवू, कारण अर्धे लोक तिथेच फसतात. बीपीएड म्हणजे शिक्षकाचा कोर्स, कोणतीही पदवी झाल्यावर करायचा, २०१४ च्या नियमांपासून तो दोन वर्षांचा झालाय. शाळेत फिजिकल एज्युकेशनची टीचर व्हायचं असेल तर हा लागतो. बीपीईएस ही बारावीनंतरची पदवी, त्यात शरीररचना, फिजिऑलॉजी, खेळाचं मानसशास्त्र, स्पर्धा कशा भरवायच्या, इजा झाली तर काय करायचं आणि रोज सकाळी मैदान. कोच व्हायचं असेल तर पतियाळाला एनआयएस म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ पासूनची, तिथला कोचिंगचा डिप्लोमा आजही सगळीकडे मानतात. म्हणजे टीचर, कोच आणि ट्रेनर ह्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि सासऱ्यांना त्यातली एकच ठाऊक आहे, त्यांची चूक नाही, त्यांच्या वेळी एकच होती.

जवळ म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात देसरला स्वर्णिम गुजरात स्पोर्ट्स युनिव्हर्सिटी आहे, २०११ ची. आणि लांब पाठवायची तयारी असेल तर ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थान, ते १९५७ साली म्हणजे अठराशे सत्तावनच्या उठावाच्या शंभराव्या वर्षी राणीच्या नावानं काढलं, राणी तिथेच पडली ना, आणि १९९५ पासून त्याला विद्यापीठाचा दर्जा आहे. ग्वाल्हेरात मराठी घरं पण भरपूर आहेत, पोरगी वरण-भातावाचून राहणार नाही. प्रवेशाला फिटनेसची चाचणी असते हे लक्षात ठेवा, नुसत्या बारावीच्या टक्क्यांवर भागत नाही, तेव्हा आत्तापासून धावायला लावा.

अजून एक वाट सांगते जी खेळणाऱ्या मुलींना कोणी सांगत नाही. आपल्या एम एस युनिव्हर्सिटीत पूर्वी जिला होम सायन्स म्हणायचे, आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस, त्या फॅकल्टीत फूड्स अँड न्यूट्रिशनचं डिपार्टमेंट आहे, जुनं आणि नाव असलेलं. होम सायन्स म्हटलं की लोकांना अजून भरतकाम आठवतं, पण खेळाडूनं काय खावं हे सांगणारी माणसं तिथूनच येतात. मात्र त्यासाठी बारावीचे विषय कोणते होते ते बघावं लागेल, फॅकल्टीत प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोनवर ऐकलेलं धरू नका.

आणि सासऱ्यांना सांगा की ह्या गावात व्यायाम शिकवणाऱ्याला राजरत्न म्हणायचे. जुम्मादादा व्यायाममंदिराचे माणिकराव, त्यांना तो किताब होता. डभोईला जन्मलेला जगन्नाथ गुणे नावाचा मुलगा १९०७ ते १९१० त्यांच्याकडे शिकला आणि पुढे स्वामी कुवलयानंद झाला, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं करताना ब्लड प्रेशरचं काय होतं, पोटात दाब किती पडतो हे यंत्रं लावून मोजायला लागला. योगावर पहिल्यांदा असं लॅबमधलं काम करणाऱ्यांपैकी तो. सुरुवात कुठे झाली, तर आपल्या बडोद्याच्या आखाड्यात, पीटीच्या तासालाच म्हणा ना!

प्रश्न : मी मकरपुरा जीआयडीसीत शिफ्ट इन्चार्ज आहे, डिप्लोमा मेकॅनिकल आणि मग बीकॉम एक्स्टर्नल, वय ३४. प्रमोशनसाठी मॅनेजमेंटचं काहीतरी कर म्हणतात. ऑपरेशन्स घ्यावं का? गणिताची भीती वाटते. आणि खरं सांगा, त्यात आम्हाला येत नाही असं काय शिकवतात? (एक वाचक)

शेवटचा प्रश्न आवडला, दहा वर्षं प्लांटवर काढलेला माणूसच असं विचारतो. तुम्हाला येतं त्यातलं बरंच काही शिकवतात, पण तुम्हाला जे 'वाटतं' ते मोजायला शिकवतात. सांगते कसं.

आमच्या घराजवळ सेव-उसळची एक लारी आहे, रविवारी सकाळी तिथे मरणाची गर्दी. मालक ओळखीचा, म्हणाला बेन, माणूस वाढवला तरी लाइन तेवढीच, काय करू. मी एका रविवारी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले, लोकांना वाटलं महानगरपालिकेकडनं आले. डिश भरायला, म्हणजे उसळ, वर तरी, सेव, कांदा, लिंबाची फोड, सगळं मिळून १२ सेकंद. पाव वेगळा मुलगा द्यायचा, त्याला चारच सेकंद लागायचे. आणि पैसे? २० सेकंद. माणूस काउंटरला येणार, मग खिशातनं मोबाईल काढणार, क्यूआर स्कॅन करणार, नेट फिरत बसणार, मग तो डबा ओरडणार की एवढे रुपये मिळाले, मग पुढचा. म्हणजे मिनिटाला तीनच गिऱ्हाईकं बाहेर पडत होती, भरायला दोन माणसं ठेवा नाहीतर दहा. लाइनीत सरासरी २४ माणसं उभी, २४ भागिले ३, आठ मिनिटं थांबणं. ह्या भागाकाराला लिटल्स लॉ म्हणतात, जॉन लिटल नावाच्या माणसानं १९६१ साली सिद्ध केला, लाइनीतली माणसं बरोबर येण्याचा वेग गुणिले थांबायचा वेळ. संपलं गणित! आणि जिथे अडतं त्याला बॉटलनेक म्हणतात, तो सोडून बाकी कुठेही पैसा घातला तर वाया.

मालकाला म्हटलं क्यूआरचा कागद काउंटरवरनं काढ, लाइनीत मागे खांबावर लाव, पावाच्या मुलाला तिथे उभा कर, लोकांनी उभ्या उभ्या पैसे भरायचे आणि टोकन घ्यायचं. आता अडतं ते डिश भरण्याशी, १२ सेकंदाला एक म्हणजे मिनिटाला पाच. तेवढ्याच माणसांना पाच मिनिटांच्या आत. आता जर दुसरा भरणारा ठेवला तर उपयोग होईल, आधी ठेवला तो फुकट गेला. तो म्हणाला बेन, आधी सांगायचं ना, त्याचा पगार वाचला असता! तुमच्या शॉपवर हेच मशीनच्या जागी बघा, सगळ्यात जास्त ओरडा होतो ते मशीन बॉटलनेक असतंच असं नाही, ज्याच्या पुढ्यात माल साठलेला असतो ते असतं.

दुसरं उदाहरण घरातलं. उन्हाळ्यात आपल्याकडे वर्षाचे गहू दिवेल चोळून कोठीत भरतात, शेजारी गुजराती घरात भरतात, आपण पण भरतो. का? नवीन गहू तेव्हा स्वस्त, फेऱ्या वाचतात. पण कोठी जागा खाते, पैसा अडकतो, कीड लागायची भीती. ह्या दोन खर्चांची ओढाताण म्हणजेच इन्व्हेंटरी, साठ्याचं गणित, आणि एका वेळी किती मागवायचं त्याचं सूत्र १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या माणसानं दिलं (मोटारवाला फोर्ड वेगळा, त्याची सरकती असेंब्ली लाइनही १९१३ चीच, म्हणून पोरं पेपरात घोळ घालतात). तुमच्याकडे वर्षाला ३६०० बेअरिंग लागतात, दर ऑर्डरीमागे २०० रुपये खर्च, आणि एक बेअरिंग वर्षभर ठेवायला ४ रुपये. दोन गुणिले ३६०० गुणिले २००, भागिले ४, त्याचं वर्गमूळ, ६००. म्हणजे एका वेळी ६०० मागवायचे, वर्षात सहा ऑर्डरी. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दाबता येतं ना? मग भीती कशाची. स्टॅटिस्टिक्स थोडं लागतं, क्वालिटीच्या कंट्रोल चार्टला, पण तो चार्ट तुम्ही भिंतीवर रोज बघताच, त्या वरच्या-खालच्या दोन रेघा कुठून येतात एवढंच शिकायचंय.

कुठे करायचं? नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचं एमबीए ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये आहे, स्वस्त आहे, पण असाइनमेंट वेळेत देणारा मागे कोणी नसतो, तुमची शिफ्ट आणि तुमची शिस्त. मुंबईची निटी, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संस्था, १९६३ पासून ह्या विषयासाठीच ओळखली जाते, २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली, तिथे एंट्रन्सची चुरस भयंकर. आणि आपल्या बडोद्यात लालबागला गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, आधीचं रेल्वेचं इन्स्टिट्यूट, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ, ट्रान्सपोर्ट आणि लॉजिस्टिक्सवर सगळा भर. बडोद्यात राहून हा विषय शिकणं म्हणजे समुद्राकाठी राहून पोहणं शिकण्यासारखं आहे, रिफायनरी इथे, जवळच्या सावली गावात मेट्रोचे डबे बनतात, ऑक्टोबर २०२४ पासून टाटा-एअरबसचा विमानं जोडायचा कारखाना इथे, आणि आधी जाऊन बघितलं तर सयाजीरावांचं कलाभवन १८९० चं. फक्त एक करा, ॲडमिशन घ्यायच्या आधी सिलॅबस मागा आणि त्यात प्रोजेक्ट किती मार्कांचं आहे बघा. तुमच्यासारख्यानं प्रोजेक्ट आपल्याच शिफ्टवर करावं. सेटअप बदलायला किती वेळ जातो एवढंच महिनाभर लिहून काढलंत ना, तर पगारवाढीचं बोलायला साहेबासमोर कागद घेऊन जाल.

प्रश्न : मी बीबीए पण करतोय आणि जिममध्ये पार्टटाइम ट्रेनर पण आहे. दोन्हीचा काही संबंध आहे की मी वेळ घालवतोय? (गोत्री)

तुझ्या जिममध्ये संध्याकाळी सात ते नऊ ट्रेडमिलसाठी भांडणं होतात ना, आणि दुपारी दोन वाजता पंखा बंद करून पोरगा झोपलेला असतो? झाला संबंध. दुपारची फी कमी ठेवणं, घरच्या बायकांची बॅच अकराला घेणं, सातच्या अर्ध्या लोकांना आधी वजनं मग ट्रेडमिल आणि अर्ध्यांना उलटं अशा दोन फळ्यांत वाटणं, हे कपॅसिटी प्लॅनिंग आहे. तुझ्या कॉलेजातल्या पोरांना प्रोजेक्टला विषय मिळत नाहीत, तुझ्या हातात रोज आहे. आणि हो, मेंबरला पावडरचा डबा विकायच्या आधी त्याचं जेवण विचारत जा. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, साठ किलोच्या माणसाला पन्नासच ग्रॅम, ते डाळ-दूध-उसळ-दह्यातनं निघतं की नाही ते आधी वहीवर मांड. जोरात वजनं मारणाऱ्याला जास्त लागतं हे खरं, पण तुझे सगळेच मेंबर काही जोरात मारत नाहीत, फोटोच जास्त काढतात.

प्रश्न : माझे वय ६६. रिटायर्ड. नातीच्या पर्सनल हेल्थच्या पुस्तकात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) काढायला सांगितला, माझा २६.४ आला. नात म्हणते आजोबा तुम्ही लठ्ठ. पुस्तकात तर ३० च्या पुढे लठ्ठ लिहिलंय. कोण बरोबर? आणि माझ्या वयाला असा कोर्स करता येतो का? (रावपुरा)

काका, नात बरोबर, पुस्तक परदेशी. जगभर २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठ धरतात, पण आपल्या लोकांना कमी वजनालाही पोटावर चरबी साठते आणि साखर-बीपी लवकर येतं, म्हणून भारतीयांसाठी २३ आणि २५ धरायचं. त्यातून एक टेप घ्या, पोट आत न ओढता (हे महत्त्वाचं, सगळे पुरुष ओढतात) कंबर मोजा, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली तर डॉक्टरांना साखर बघायला सांगा. वजनकाट्यापेक्षा हा टेप खरं बोलतो.

तुमच्या वयाला १५० मिनिटांचा नियम तोच, त्यात भर एवढीच की आठवड्यात निदान तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, रेघेवरनं चालणं, खुर्चीतनं हात न टेकता उठणं. घरात पडून खुबा मोडतो ना, त्याची सगळी तयारी आधीच झालेली असते, फक्त कळत नाही. कमाटीबागेत सकाळी चालायला येत असालच, तर आतल्या म्युझियमशी तो गामा पैलवानानं उचलला म्हणतात तो दगड बघून या, आणि उचलायला जाऊ नका. कोर्स म्हणाल तर सरकारच्या स्वयम पोर्टलवर योग, न्यूट्रिशन, हेल्थचे कोर्स फुकट असतात, वयाची अट नाही, परीक्षा दिली तरच तिची फी. नातीला शेजारी बसवा, तिचे क्रेडिट आणि तुमची कंबर दोन्ही सुधारेल.

प्रश्न : जास्तीत जास्त हार्ट रेट २२० वजा वय लिहायचा की २०८ वजा ०.७ गुणिले वय? दोन पुस्तकांत दोन आहेत. (बीपीईएस, दुसरं वर्ष)

पेपरात सरांनी शिकवलं ते. मैदानावर दुसरा, तो २००१ चा आहे आणि मोठ्या वयाला जास्त जवळ जातो. विशीतल्या मुलाला २०० आणि १९४, साठीच्या माणसाला १६० आणि १६६, म्हणजे चाळिशीला दोन्ही एकच, १८०. तिथे भांडण नाही.

प्रश्न : ताई, रविवारी ग्रुपनं पावागडला गेलो होतो. सोमवारी काही नाही, मंगळवारी जिना उतरता येईना, मांड्या अशा धरल्या की शर्यतीत पळाल्यासारख्या. फिटनेसच्या मॅडम म्हणाल्या लॅक्टिक ॲसिड साठलंय, गरम पाणी पी. मग ते दोन दिवसांनी का दुखतं? (विद्यार्थिनी, फतेहगंज)

तुझी शंका मॅडमच्या उत्तरापेक्षा चांगली आहे. लॅक्टिक ॲसिड, म्हणजे खरं तर लॅक्टेट, व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातनं निघून जातं, ते मंगळवारपर्यंत कशाला बसून राहील. हे दुखणं वेगळं, उशिरा येणारं, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त, आणि मग आपोआप जातं. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागला की त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग सूज, मग ठणका. आणि असं कधी होतं? उतरताना. चढताना मांडी आखडून जोर लावते, दम लागतो पण इजा कमी. उतरताना तीच मांडी प्रत्येक पायरीला ब्रेक मारत असते. पंधरा दिवसांनी परत गेलीस तर निम्मंसुद्धा दुखणार नाही, स्नायू शिकतो.

गरम पाणी प्यायला हरकत नाही, पण त्यानं काही होणार नाही, हळूहळू चालत राहा. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. आणि पुढच्या वेळी माचीपासून वर चालत जा आणि खाली येताना रोपवे घ्या, आपली माणसं नेमकं उलटं करतात, जाताना रोपवेच्या लाइनीत तासभर उभी राहतात आणि येताना पैसे वाचवायला पायऱ्या उतरतात.